लव्हाळ्याची माळ

बेळगावजवळ हिंडलग्याच्या बाजूला घर बांधलं तेव्हा पुढची वीस बाय पंचवीस फुटांची जागा मी हट्टाने लॉनसाठी ठेवून घेतली. नात रांगायला लागली होती. तिला फरशीवर न ठेवता गवतावर सोडावं, एवढीच माझी हौस. जागा सपाट करायला दोन ट्रॉली तांबडी माती आणली, वर शेणखत पसरलं आणि मेमध्ये मेक्सिकन लॉन टोकून घेतलं. जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस लागला. जुलै संपेपर्यंत लॉनपेक्षा इतर गवतच जास्त दिसायला लागलं.

मला तेव्हा सगळंच ‘तण’ होतं. हाताला येईल ते उपटायचं. पण एक चकचकीत, गर्द हिरवं पातं होतं, ते आज उपटलं की चार दिवसांनी आजूबाजूला तीन उभी राहायची. लॉन कापलं तरी दोन दिवसांत तेवढंच डोकं वर काढायचं. कंटाळून दुकानातून गवत मारायचं औषध आणलं आणि एका कोपऱ्यात फवारलं. ते ग्लायफोसेट होतं. जे जे हिरवं असेल ते सगळं मारतं. दहा-बारा दिवसांत लॉनही पिवळं पडून गेलं. उघड्या पडलेल्या त्या मातीत आधी एकदांडी आली, मग लाजाळू, आणि महिन्याने तेच चकचकीत पातं पुन्हा.

शेवटी येळ्ळूरच्या एका मावशींना बोलावलं. भाताच्या भांगलणीत, म्हणजे तण काढण्यात, त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी एक देठ तोडून माझ्या बोटांत दिला आणि फिरवायला सांगितला. देठ गोल नव्हता, त्याला तीन कडा लागत होत्या. ‘बाई, ह्यो लव्हाळा हाय. असा उपटू नकासा. वरचं तुटतंय, खाली गाठ ऱ्हातीया.’ त्यांनी वीतभर लांब खुरपं उभं खुपसलं, ढेकूळ उचललं आणि हाताने फोडलं. आत बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या काळपट गाठी होत्या, एकीला लागून दुसरी, माळ ओवल्यासारख्या.

त्या माळेतच सगळं कारण आहे. माळ अखंड असते तोवर टोकाच्या गाठीला कोंब येतो आणि मागच्या बऱ्याच गाठी निजून राहतात. आपण हिसका दिला की दोरा तुटतो आणि निजलेल्या गाठी जाग्या होतात. महिनाभर मी तण काढत नव्हते, लव्हाळा वाढवत होते. आणि तो आला कुठून? मावशींनी विचारलं, माती कुठली? ट्रॉलीतल्या त्या तांबड्या मातीतच गाठी होत्या. आता कुणी घराला माती आणायची म्हटलं की मी आधी सांगते, मूठभर ओली करून पसरा आणि दोन-तीन आठवडे काय उगवतंय ते बघा.

मग रविवार ठरले. पाऊस उघडून वाफसा आला, म्हणजे मातीत बेताची ओल उरली, की मी आणि मावशी बसायचो. चिखलात खणलं तर गाठ मातीत लपते, कडक मातीत दोरा तुटतो. वाफशावर मात्र माळ अख्खी निघते. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटातच असतात, त्यामुळे लॉन फार उकरावं लागत नाही. पंधरा दिवसांच्या वर मध्ये जाऊ द्यायचे नाहीत, कारण नवं पातं मोठं झालं की खाली नव्या गाठी धरू लागतात. पहिल्या रविवारी अर्धी बादली गाठी निघाल्या. चिक्कोडीकडे ऊस असलेला भाचा म्हणाला, उसात लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात, तेच मार. काम करतं ते, पण नात जिथे तोंडात गवत घालते तिथे मला फवारणी नको होती.

बाकीची तणं त्या मानाने सोपी. केना निळ्या फुलावरून कळतो. तोडून तिथेच टाकला तर पेराला मुळं फुटतात, म्हणून टोपलीत. कोवळा असेल तर मावशी भाजीला न्यायच्या. आंबुशी तीन पानांची, चवीला आंबट. तिच्या शेंगा तडकून बी लांब उडतं, म्हणून शेंग धरायच्या आत काढायची. दुधी मोडली की पांढरा चीक येतो. लाजाळूचा मात्र मला राग आला, कारण तिचे काटे नातीच्या गुडघ्याला लागले. शेजारच्या कन्नड आजी तिला ‘मुट्टिदरे मुनि’ म्हणतात, शिवलं की रुसते ती. कातडी हातमोजे घालून बुडाखाली खुरपं घालायचं, काम संपलं.

कुंपणाकडेच्या काँग्रेस गवताला मी मोकळ्या हाताने कधी शिवत नाही. त्वचेला खाज येते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. पांढरी फुलं यायच्या आत उपटलं तरच उपयोग. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळट, तपकिरी रेघांचे भुंगे दिसतात. ते मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेल्या भुंग्यांच्या वंशातले. त्यांना मारू नका, ते काँग्रेस गवतच खातात.

माझी आणखी एक चूक होती: मेमध्ये लावल्यावर लॉन दाट व्हावं म्हणून मी तळापासून कापत होते. माती उघडी पडली की बियांना ऊन मिळतं. आता दीड इंच ठेवते. लव्हाळ्यालाही सावली सोसत नाही, त्यामुळे लॉन दाट झालं तिथे तो आपोआप विरळ झाला.

हरळीही लॉनमध्ये शिरली होती. ती काढली, पण तुळशीजवळ दोन हात पट्टा राखला. चतुर्थीच्या दूर्वा तिथूनच निघतात.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बादलीच्या जागी वाटी पुरायला लागली. परवाच्या रविवारी सात गाठी निघाल्या. पन्हाळीखालच्या दोन गाठी दगडांत खोल गेल्यात, त्या वाफसा आला की काढणार.