आयसीयूतली सिस्टर आणि गावाकडचं ऑपरेशन थिएटर

नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांच्या किंवा तिथल्या एखाद्या खासगी आयसीयूत चार-पाच वर्षं काढली की सिस्टर विचारायला लागतात, आता पुढे काय? इनचार्ज, ट्यूटर, परदेश हे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. भूलशास्त्राचा, त्यातही गावाकडच्या भूलशास्त्राचा रस्ता कुणी फारसा सांगत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या भागांतल्या लहान रुग्णालयांत सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स होत असतात आणि भूल देणारा डॉक्टर बहुधा एकटाच असतो. त्याच्या शेजारी उभं राहायला आयसीयूत तयार झालेल्या सिस्टरइतकं योग्य माणूस दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. पण तिथे काय उपयोगी पडतं आणि काय नव्यानं शिकावं लागतं, हे आधी माहीत हवं.

पहिल्यांदा कायद्याचं बोलू, कारण इथे गोंधळ फार आहे. अमेरिकेत नर्स स्वतः भूल देते. त्यासाठी नोंदणीकृत नर्स असणं, किमान १ वर्ष क्रिटिकल केअरचा अनुभव, मग साधारण ३ वर्षांचा डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा, इतकं करावं लागतं. २०२२ पासून तिथे नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेट अभ्यासक्रमालाच मिळतो. मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमातली, नर्सवर डॉक्टरी देखरेखीची अट राज्यांना सोडता येते. २००१ मध्ये आयोवाने ती सर्वांत आधी सोडली. तिथल्या कित्येक ग्रामीण रुग्णालयांत भूल देणारी व्यक्ती नर्सच असते. आपल्याकडे तसं नाही. भारतात भूल देणं हे डॉक्टरचं काम: भूलशास्त्रात एमडी, डीए, डीएनबी केलेला, किंवा तातडीच्या प्रसूतीसाठी सरकारचं एलएसएएस (जीव वाचवण्यापुरतं भूल देण्याचं) प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस. हे प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा १८ आठवड्यांचं होतं. म्हणून "सिस्टर, डॉक्टर यायला वेळ आहे, केटामिन तुम्हीच देऊन टाका" (केटामिन म्हणजे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणायचं, आणि का नाही ते केसपेपरवर वेळेसकट लिहायचं. इंजेक्शन टोचता येणं ही एक गोष्ट. त्यानंतर श्वास थांबला तर श्वासमार्ग ताब्यात घेण्याचं प्रशिक्षण आणि अधिकार असणं ही दुसरी. या दोन गोष्टी ज्याच्याकडे एकत्र आहेत, त्यानंच ते औषध द्यावं.

मग सिस्टरनं करायचं काय? पुष्कळ आहे. आयसीयूत आकडा बिघडण्याआधी माणूस बिघडताना दिसतो. ही नजर थिएटरात जशीच्या तशी चालते. बदलतो तो वेग. आयसीयूत प्रेशर तासाभरात उतरतं, तुम्ही ड्रिप वाढवता, वाट पाहता. स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यातून कमरेखालची भूल, दिल्यावर तेच तीन मिनिटांत होतं.

सिझेरियनचंच घ्या. स्पायनलचं औषध हेवी बुपिव्हाकेन ०.५ टक्के, साधारण १.८ ते २.२ एमएल, म्हणजे ९ ते ११ एमजी. सुई शक्यतो २५ गेज. औषध गेलं की बाईला पाठीवर झोपवून उजव्या कुशीखाली पाचर किंवा घडी केलेली चादर, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून डावीकडे सरकतो. पहिली १० मिनिटं प्रेशर दर मिनिटाला. कफ आपोआप फुगतोय म्हणून नजर मॉनिटरवर ठेवू नका, बाईच्या तोंडाकडे ठेवा. "मळमळतंय" म्हणाली किंवा जांभया द्यायला लागली, की पुढचा आकडा कमीच येणार. तो येईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. हाताला मुंग्या येतायत, मूठ आवळता येत नाही, आवाज बारीक होतोय, तर भूल मानेच्या दिशेनं चढतेय. स्पायनल छातीच्या वरच्या मज्जातंतूंपर्यंत गेलं की हृदयाचा वेग वाढवणारे तंतूच बंद पडतात; प्रेशर पडूनही नाडी वाढत नाही, उलट ५० च्या खाली येते. आयसीयूत प्रेशर पडलं की नाडी धावते, हे डोळ्यांना सवयीचं झालेलं असतं. इथे संथ नाडी बघून जिवाला बरं वाटून घेऊ नका. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन ०.६ एमजी भरलेलं हाताशी हवं, आणि हातानं दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग मास्क लावून डोक्याशी.

औषधं भरून ठेवणं हे तुमचंच काम, आणि खरी चूक तिथेच होते. मेफेंटरमिन आणि फिनाइलएफ्रिन ही पडलेलं प्रेशर वाढवणारी औषधं. मेफेंटरमिनच्या व्हायलमध्ये दर एमएलला ३० एमजी असतं. १ एमएल घेऊन १० एमएल केलं की दर एमएलला ३ एमजी; ६ एमजीचा डोस म्हणजे २ एमएल. फिनाइलएफ्रिनच्या अँप्युलमध्ये १ एमएलला १० एमजी, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. लागतात ५० ते १००. अँप्युल सरळ सिरिंजमध्ये ओढून १ एमएल दिली तर शंभरपट डोस गेला. म्हणून अख्खी अँप्युल १०० एमएल सलाइनमध्ये टाकायची, बाटलीवर लाल पेननं "फिनाइलएफ्रिन, १०० मायक्रोग्रॅम प्रति एमएल" असं लिहायचं, आणि मूळ अँप्युल ट्रेमधून लगेच काढून टाकायची. केटामिन १० आणि ५० एमजी प्रति एमएल अशा दोन्ही ताकदीत येतं. स्टोअरनं पुरवठा बदलला की नवीन व्हायल जुन्यासारखीच वाटते. आकडा मोठ्यानं वाचा.

सगळ्यांत भयंकर गोंधळ बुपिव्हाकेन आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा. दोन्ही काचेच्या अँप्युल, दोन्हीतलं औषध पाण्यासारखं, आणि सिझेरियनच्या वेळी दोन्ही थिएटरात लागतात. ट्रॅनेक्झॅमिक चुकून मणक्यात गेलं तर पाठ-कुल्ल्यात असह्य वेदना, पाय झटकणं, झटके, हृदयाची लय बिघडणं, आणि जीव जाऊ शकतो. उपाय एकच: ट्रॅनेक्झॅमिक भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही. वेगळ्या कपाटात, वेगळ्या खोक्यात ठेवा आणि बाळ बाहेर आल्यावर हाक मारली की मगच आणा.

आता ऑक्सिजन. आयसीयूत भिंतीला पोर्ट असतो, तो कुठून येतो याचा विचार करावा लागत नाही. तालुक्याला सिलिंडर असतो. बी टाइप सिलिंडरची पाण्याच्या मापानं क्षमता १० लिटर. पूर्ण भरलेला असला की काट्यावर १५० च्या आसपास दाब आणि आत साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. म्हणून हिशोब सोपा: काट्यावरचा आकडा गुणिले १०. काटा ५० दाखवतोय आणि १० लिटरनं चाललंय, तर ५० मिनिटं. सिझेरियन त्यात होईल, पण त्यानंतर रक्तस्राव सुरू झाला तर? केस सुरू व्हायच्या आधी दुसरा सिलिंडर उघडून, काटा बघून, पुन्हा बंद केलेला हवा. चावी सिलिंडरलाच बांधलेली हवी. चावी हरवली, तर भरलेल्या आणि रिकाम्या सिलिंडरचा उपयोग सारखाच.

नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचा काटा मात्र फसवतो. आत द्रव असतो तोवर दाब हलत नाही. सिलिंडर भरलेला वाटतो आणि एकदम संपतो. खरं काय ते वजन सांगतं: मोकळ्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याशी कोरलेलं असतं, ते वजा करा. विदर्भात आणखी एक गोष्ट. नायट्रस ३६.५ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा व्हरांड्यात ठेवलेल्या सिलिंडरमध्ये सगळा वायूच असतो आणि दाब नेहमीपेक्षा बराच जास्त. म्हणूनच उष्ण प्रदेशात नायट्रस कमी भरतात, सिलिंडरमध्ये मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या ०.७५ ऐवजी ०.६७ या प्रमाणात. सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी, साखळीनं बांधून ठेवा.

लाईन जाणं हा उन्हाळ्यातला रोजचा प्रश्न. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर त्याच क्षणी बंद. शिवाय तो ५ लिटरचा असेल तर ५ च्या वर देतच नाही. सक्शन बंद, म्हणून पायानं चालणारं सक्शन ट्रॉलीखाली हवं आणि त्याची नळी जोडलेली हवी. मॉनिटरची बॅटरी किती वेळ चालते ते केस नसताना वायर काढून, घड्याळ लावून बघा. सक्सामेथोनियम (सक्सा) आणि ॲट्राक्युरियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधांना २ ते ८ अंश लागतात. फ्रीज रात्रभर बंद राहिला असेल तर व्हायलवर तारीख-वेळ टाका आणि डॉक्टरांना सांगा. सक्सा कमजोर झालं असेल तर नळी टाकायच्या वेळी जबडा सैल होत नाही, आणि तो शोध लागायची ती वेळ नव्हे.

जनरल भूल, म्हणजे पूर्ण बेशुद्ध करून श्वासनलिकेत नळी टाकायची, अशी पाळी आली तर सिस्टरचे हात कुठे असावेत? एक हात नळी आणि बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी) देण्याच्या तयारीत, दुसरा सक्शनवर. गरोदर बाईचा ऑक्सिजन साध्या रुग्णापेक्षा फार लवकर घसरतो, म्हणून आधीची ३ मिनिटं घट्ट मास्कनं ऑक्सिजन हे चुकवायचं नाही. नळी ६.५ आणि ७, दोन्ही कफ तपासून. घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपची दोन हँडल, दोन्हींचा दिवा लावून पाहिलेला. आपल्याकडच्या आदिवासी बायका बऱ्याचदा ४०-४५ किलोच्या असतात. आय-जेल, म्हणजे स्वरयंत्रावर बसणारा श्वासमार्ग, ३ नंबरचा काढून ठेवा, ४ मागे ठेवा. नळी गेल्यावर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर लागोपाठ चढ-उतार दिसले तरच ती श्वासनलिकेत आहे. वाफ धरली, आवाज आला, यावर आयसीयूतही विसंबू नये.

या भागात रुग्णाला विचारायच्या दोन गोष्टी शहरात सुटून जातात. पहिली सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. घरात कुणाला आहे का, लाल-पिवळं कार्ड मिळालंय का, सॉल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी) झाली का. एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेल्या, रुग्णाला थंडी, तहान, कमी ऑक्सिजन आणि वेदना या चारही गोष्टी मारक. उपाशी ठेवताना सलाइन सुरू, थिएटरचा एसी कमी, सलाइन कोमट, टूर्निकेटचा (हात-पाय आवळून रक्त थांबवणाऱ्या पट्ट्याचा) विषय डॉक्टरांशी आधी बोललेला. ऑपरेशन सुरळीत झालं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, छातीत दुखणं आणि सॅच्युरेशन उतरणं, ही ॲक्यूट चेस्ट सिंड्रोमची, म्हणजे सिकलसेलमुळे फुप्फुसांवर येणाऱ्या जीवघेण्या संकटाची, सुरुवात असू शकते. वॉर्डातली नवी मुलगी त्याला सर्दी म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

दुसरी फवारणी. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवतं. आयसीयूत ऑर्गेनोफॉस्फरस या कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण तुम्ही सांभाळलेला असतो, पण त्याचा भुलीशी संबंध लक्षात येत नाही. ते विष शरीरातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं आणि सक्सामेथोनियम रक्तात मोडतं तेही याच जातीच्या एन्झाइमनं. त्यामुळे एरवी ५-१० मिनिटांत उतरणारं औषध तासन् तास उतरत नाही. कपाशीच्या हंगामात अपेंडिक्स घेऊन आलेल्या माणसाला गेल्या काही आठवड्यांत फवारणी केली का, चक्कर-घाम-उलट्या झाल्या होत्या का, हे विचारून पेपरवर लिहा.

तयारीसाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर क्रिटिकल केअरचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा २ वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला बीएस्सी आणि कामाचा अनुभव लागतो. दोन्ही चांगले. पण कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा, आहात त्याच रुग्णालयात रिकव्हरी रूमला बदली मागून घ्या. भुलीतून उठणारा रुग्ण, जीभ मागे पडणं, थरथर, स्पायनलनंतर लघवी अडणं, हे सगळं तिथे रोज दिसतं. गावाकडे रिकव्हरी रूम नसते. थिएटरच्या दाराबाहेर दोन खाटा, एक ऑक्सिमीटर आणि तुम्ही, हीच रिकव्हरी. रुग्णाला वॉर्डात पाठवण्याआधी तो नाव सांगतो का, प्रेशर पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोनदा स्थिर आलं का, पॅड किती भिजलं, पोट वरून दाबल्यावर गर्भाशय घट्ट लागतं का, हे तुम्हीच बघणार.

आणि नागपूरला रेफर करायची वेळ आली तर ऑक्सिजनचा हिशोब पुन्हा. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर. पावसाळ्यात ४ तास धरा. १० लिटरनं ४ तास म्हणजे २४०० लिटर, म्हणजे एक बी टाइप वाटेतच संपणार. दोन भरलेले चढवा, तिसरा मिळाला तर तोही. भामरागडकडून यायचं असेल तर पर्लकोटा नदीला पूर आहे का ते फोन करून विचारा, मगच गाडी काढा. रेफर चिठ्ठीवर कोणती भूल, किती वाजता, किती डोस, शेवटचं प्रेशर, किती रक्त गेलं आणि नळी किती सेंटीमीटरवर बांधली, हे लिहा. चिठ्ठी नातेवाइकांच्या पिशवीत न देता रुग्णाच्या चादरीला पिन करा, आणि घेणाऱ्या आयसीयूतल्या सिस्टरला निघतानाच फोन करून तोंडी सांगा.