आमची वाटचाल : एबीएसच्या दिव्याचा माग काढताना

चिपळूणजवळ मुंबई-गोवा महामार्गालगत आम्ही गॅरेज सुरू केले, तेव्हा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुतेक करून महागड्या मॉडेललाच मिळत असे आणि आमचे काम मुख्यतः क्लच, सस्पेन्शन व इंजिनाच्या दुरुस्तीचे होते. पुढे त्याच गाड्या जुन्या झाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आणि मीटरमधला एबीएसचा पिवळा दिवा विझतच नाही ही तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सर्वच नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाल्यावर ही तक्रार वाढतच जाणार, हे दिसत होते. त्यामुळे आम्ही हळूहळू याच कामाकडे वळलो.

दिवा लागलेला असतानाही साधे ब्रेक काम करतात, म्हणून अनेक मालक त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. परंतु पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना समोर अचानक गुरे आली आणि ब्रेक जोरात दाबला गेला, तर चाके जाम होतात, गाडी स्टिअरिंग वळवूनही सरळच घसरत जाते, आणि ते टाळण्यासाठी बसवलेली यंत्रणा त्या क्षणी बंद असते. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. अशी गाडी आम्ही चालवत आणू देत नाही, टो करून आणायला सांगतो.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची हकिगत बहुधा सारखीच असते. कुठेतरी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लावलेला असतो, ‘पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर’ असा कोड आलेला असतो, सेन्सर बदललेला असतो आणि काही दिवसांत दिवा पुन्हा लागलेला असतो. तो कोड एवढेच सांगतो की त्या चाकाकडून येणारा संकेत मॉड्यूलला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, पटलेला नाही. संकेताच्या वाटेवर चाकासोबत फिरणारी दातेरी रिंग, तिचे दाते टिपणारा सेन्सर, रिंग व सेन्सर यांच्यातील बारीक फट, वायर, कनेक्टर आणि शेवटी मॉड्यूल असे सगळे येते. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे मोजून दाखवल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, असा नियम आम्ही केला. माझ्या मते आमच्या व्यवसायाला खरा आकार त्या नियमानेच दिला.

त्यासाठी आधी साधने घ्यावी लागली. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. एबीएसच्या मॉड्यूलशी बोलणारा आणि चारही चाकांचा वेग एकाच वेळी आलेखात दाखवणारा स्कॅनर महाग पडतो. तो घेतल्यावर काम बदलून गेले. बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग तपासून आम्ही गाडी सावकाश चालवतो आणि कोणत्या चाकाची रेघ इतरांपासून तुटते ते पाहतो. जुन्या पद्धतीच्या दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध साधारणपणे एक हजार ओहमच्या आसपास मिळतो आणि चाक हाताने फिरवले तरी मल्टिमीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या पद्धतीच्या, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या ॲक्टिव्ह सेन्सरवर मात्र ओहममीटर लावू नये; त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडण्याचीही भीती असते.

कोकणच्या खाऱ्या, दमट हवेने आम्हाला या विषयात पुष्कळ शिकवले. ड्राइव्ह शाफ्टवर घट्ट बसवलेल्या रिंगखाली गंज चढला की तो फुगतो आणि रिंगला तडा जातो. मग ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेताची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा संकेत अडखळताना स्वच्छ दिसतो. सेन्सर बसतो त्या जागेखाली गंज धरला तर सेन्सर उचलला जातो, फट वाढते आणि कमी वेगात संकेत क्षीण होतो; मॉड्यूलला चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि एबीएस विनाकारण सुरू होते. ग्राहक अशा वेळी सांगतात की गाडी थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, ब्रेकचे पेडल थरथरते. दिवा लागलेलाच असेल असे नाही. सेन्सर काढून ती जागा पॉलिश पेपरने घासून साफ केली, की नवा भाग न घालता दोष जाण्याची शक्यता असते. आणखी एक दोष वारंवार आढळतो : काही गाड्यांत रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते, आणि बेअरिंग बदलताना ते उलटे बसवले गेले की सेन्सरला काहीच कळत नाही. म्हणून ‘बेअरिंग अलीकडे बदलले होते का’ हा आमचा ठरलेला प्रश्न आहे. शॉकॲब्सॉर्बरजवळ वायर आवरणाच्या आत तुटलेली असणे आणि पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी ती कुरतडणे, हीही नेहमीची कारणे आहेत.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्यानंतरचा काळ आमच्यासाठी फार कठीण आणि तितकाच महत्त्वाचा ठरला. पुरात बुडालेल्या कित्येक गाड्या सुकवून सुरू झाल्या, पण काही महिन्यांनी त्यांचे एबीएसचे दिवे लागू लागले. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट क्षार चढले होते आणि वायरच्या आत तांबे काळे पडत गेले होते. पिना साफ करून, खराब वायर कापून, नवी वायर सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे हे वेळखाऊ काम आम्ही त्या काळात निगुतीने केले, कारण नुकसान सोसून बसलेल्या माणसाला नव्या मॉड्यूलचा खर्च सांगणे आम्हाला जिवावर येत होते.

मॉड्यूलवर आम्ही सर्वांत शेवटी येतो. आतल्या सोल्डरला तडे गेले असतील तर ते या कामातील जाणकाराकडे पाठवून दुरुस्त होऊ शकते. जुने दुसरे मॉड्यूल बसवायचे तर बहुतेक गाड्यांत कोडिंग, म्हणजे ते त्या गाडीशी सॉफ्टवेअरने जुळवून घेणे, लागते.

तपासणीचे शुल्क आम्ही वेगळे घेतो आणि ते आधी सांगतो. नुसता दिवा बंद करून देण्याचे काम आम्ही कोणत्याही मोबदल्यात करत नाही. विक्रीच्या जुन्या गाड्यांत एबीएसच्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली आम्ही पाहिली आहे. अशा गाडीत दोन्ही दिवे नेमके एकाच क्षणी विझतात. जुनी गाडी घेणाऱ्याने चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो का आणि स्वतंत्रपणे विझतो का, हे स्वतः पाहावे. काही गाड्यांत तो गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो, त्यामुळे चालवूनही पाहावे.

सध्या आमच्याकडे आयटीआय झालेली मुले काम शिकत आहेत. प्रत्येक गाडीच्या कागदावर ती चारही चाकांची मोजमापे दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर लिहितात, आणि त्या कागदाची एक प्रत ग्राहकाला बिलासोबत दिली जाते.