मीना, काच आणि एक जुना गैरसमज

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सुवर्ण मुखवट्यावरचे निळे पट्टे मीनाकारीचे आहेत, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात ते थंड काच कापून कोंदणात बसवलेले तुकडे आहेत. काचेची पूड खणांत भरून, साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवून ती धातूशी एकजीव केली, तरच तो मीना. सायप्रसमधील कूक्लिया येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व तेराव्या शतकाच्या सुमाराच्या सोन्याच्या अंगठ्या या तंत्राच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणल्या जातात.

काचेची भांडी त्याहून जुनी. काच फुगवून भांडी घडवण्याच्या फुंकणीचा शोध लागण्यापूर्वी, इसवी सनपूर्व १५०० च्या आसपास, कारागीर सळईच्या टोकावर मातीचा गाभा थापून त्यावर वितळलेली काच चढवीत, वर रंगीत काचेचे धागे गुंडाळीत आणि ते मऊ असतानाच टोकदार हत्याराने वर-खाली ओढून नागमोडी नक्षी उमटवीत. भांडे निवले की आतला गाभा खरवडून काढला जाई. त्यामुळे या कुप्या बाहेरून झळाळत्या, पण आतून खडबडीत असतात, आणि मला तर तो खडबडीतपणाच अधिक बोलका वाटतो.

मीनाकाराची अडचण निराळी होती: निवताना धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकसली नाही, तर मीना तडकून सुटतो.