एकशे एकोणिसावं स्तोत्र वहीत उतरवताना

खानापुरात माझं शिवणकामाचं दुकान आहे. लग्नसराईत ब्लाऊज आणि फॉल-पिकोचे ढीग लागतात. बायबलचे ११८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात. वाचन व्हायचं, मनात मुरायचं नाही. तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सुचवलं, “स्तोत्र ११९ घे. रोज एकच कडवं, आणि हातानं लिही.”

बायबलमधल्या या स्तोत्राची बांधणीच सावकाश चालणाऱ्यासाठी आहे. इब्री (हिब्रू) वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येकाचं एक कडवं, कडव्यात आठ वचनं, आणि मूळ भाषेत ती आठही त्याच अक्षरानं सुरू होतात. सकाळी मंद गॅसवर दूध ठेवून मी वही उघडायची. हात डोळ्यांइतका पळत नाही, त्यामुळे शब्द टाळता येत नाही.

७१व्या वचनाशी पेन थांबला. पीडा झाली हे माझ्या बऱ्यासाठीच झालं, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. आईचं लांबलेलं आजारपण आठवलं. हे मला मनापासून म्हणता येईना, आणि तसंच मी देवाला सांगितलं. कितीतरी सकाळी त्याच ओळीवर बसून राहिले. माझी खरी प्रार्थना तिथं सुरू झाली असं मला वाटतं.

१६४व्या वचनात दिवसातून सात वेळा स्तवन आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट या ख्रिस्ती संन्याशानं त्याच आधारावर मठातल्या दिवसाच्या सात प्रार्थना लावून दिल्या. दुकानात घंटा कुठली वाजणार? मी शटर उघडताना, दुपारचा डबा सोडताना आणि बॉबिन भरताना सकाळचं एक वचन म्हणते. बॉबिन भरेपर्यंत ते बरोबर म्हणून होतं. मन लागो न लागो, बॉबिन संपतेच, म्हणून प्रार्थनाही होते. मनाच्या लहरीवर सोडली असती तर लग्नसराईत ती केव्हाच सुटली असती.

शेवटचं, १७६वं वचन मात्र मला अनपेक्षित होतं. देवाच्या नियमांवर एवढं प्रेम सांगून झाल्यावर तो म्हणतो, मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तू मला शोध. आपण किती वाढलो याचा हिशेब तो मांडतच नाही. मीही आता मांडत नाही.

सध्या पुन्हा पहिल्या अक्षरापासून लिहितेय, या खेपेला कानडी बायबलमधून. आमच्याकडे उपासना कानडीत असते, आणि माझं कानडी अक्षर अजून कच्चं असल्यानं वेग आणखीच कमी झालाय.