हा शेअर मला विकतो आहे कोण?

गेल्या वर्षी नात्यातल्या एका काकांनी मला शेअर बाजाराच्या ‘सल्ल्या’साठी चालवल्या जाणाऱ्या टेलिग्रामवरच्या एका गटात घेतले. मी त्यात पैसे घातले नाहीत, पण तीन महिने तो गट रोज सकाळी वाचला आणि एका वहीत दोन रकाने आखून नोंदी केल्या. एका रकान्यात संदेश आल्याची तारीख आणि वेळ, दुसऱ्यात त्या कंपनीच्या शेअरची त्या दिवशीची उलाढाल. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून आदल्या महिन्याचे आकडेही उतरवून घेतले. पहिल्याच नोंदीने मी अस्वस्थ झाले. ‘आज मिळेल त्या भावाला घ्या, आतली बातमी आहे, आठवड्यात दुप्पट’ असा संदेश सकाळी नऊच्या ठोक्याला आला होता. एरवी ज्या कंपनीचे दिवसाकाठी जेमतेम ४,००० शेअर हातपालट होत, तिच्यात त्या संदेशापूर्वी सलग ११ दिवस रोज ४०-५० हजारांची उलाढाल चालली होती आणि भाव पायरीपायरीने चढत होता. संदेशाच्या दिवशी हाच आकडा सहा लाखांवर गेला. आठवडा सरला तेव्हा भाव मूळ पातळीच्याही खाली आला होता आणि त्या शेअरविषयी विचारणाऱ्यांना गटातून काढून टाकले जात होते.

त्या दोन रकान्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. ऑपरेटर म्हणजे पडद्यामागून शेअरचा भाव कृत्रिमपणे हलवणारा माणूस. भाव चढवणे हे त्याचे अवघड काम नसते, चढवलेल्या भावाला माल खपवणे हे अवघड असते. समजा एखाद्या कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि त्यांतले ८० लाख प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्यांकडे, आहेत. उरलेल्या २० लाखांपैकी १५ लाख ऑपरेटरने आणि त्याच्या माणसांनी गुपचूप गोळा केले, तर बाजारात खेळणारे शेअर उरतात फक्त पाच लाख. आता याच मंडळींनी आपापल्या खात्यांमधून एकमेकांना थोडे थोडे शेअर चढत्या भावाने विकले, तरी पडद्यावरचा भाव दुप्पट होतो, कारण पडद्यावर दिसणारा भाव म्हणजे केवळ शेवटच्या व्यवहाराचा भाव असतो, मग तो व्यवहार शंभर शेअरचा का असेना. मात्र त्या भावाला १५ लाख शेअर घेणारे लोक आपसांतून निर्माण करता येत नाहीत. ते बाहेरून आणावे लागतात. गटातला संदेश, यूट्यूबवरचा व्हिडिओ, ‘तज्ज्ञां’ची मुलाखत हे सारे त्यासाठी असते. म्हणून कुणी अनोळखी माणूस मला एखादा शेअर घ्यायला सांगतो, तेव्हा कंपनी चांगली आहे की वाईट याच्या आधी मी हे विचारते की आज या भावाला हा शेअर मला विकतो आहे कोण, आणि तो विकायला इतका उत्सुक का आहे.

इंटरनेटवरचा हा खेळ जुना आहे. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने न्यू जर्सीतल्या एका मुलाविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटवले. व्यवहार केले तेव्हा तो जेमतेम १४-१५ वर्षांचा होता. अगदी कमी उलाढाल असलेला शेअर घ्यायचा, इंटरनेटच्या चर्चापटलांवर वेगवेगळ्या खोट्या नावांनी त्याचे गोडवे गाणारे संदेश टाकायचे आणि बहुधा एका दिवसाच्या आत विकून मोकळे व्हायचे, असे त्याने ११ वेळा केल्याचे आयोगाचे म्हणणे होते. व्याजासह २ लाख ८५ हजार डॉलर त्याला परत करावे लागले. भारतात २ मार्च २०२३ रोजी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, दिलेल्या एका अंतरिम आदेशात हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. एका लहान दूरचित्रवाणी कंपनीविषयी जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर खोटी माहिती देणारे व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी ताब्यात घेणार आहे, असेही त्यांत सांगितले होते. सेबीच्या नोंदीप्रमाणे त्या काळात कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली, आणि त्याच सुमारास काही प्रवर्तकांनी व मोठ्या भागधारकांनी आपले शेअर चढ्या भावाने विकले. ‘विकतो आहे कोण’ या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्टपणे मांडलेले मी कुठे वाचलेले नाही.

हे उत्तर पुष्कळदा कागदावर उपलब्ध असते, आणि तरी ते कुणी पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते. सूचीबद्ध कंपनीला दर तिमाहीला भागधारणेचा तपशील जाहीर करावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा हिस्सा घटतो आहे आणि किरकोळ भागधारकांची संख्या अचानक फुगते आहे असे दिसले, तर थांबावे. भाव तिप्पट झाला पण विक्री, नफा आणि हाती आलेली रोकड जिथल्या तिथे आहे, हेही पाहायला अर्धा तास पुरतो. तिमाही आकडे उशिराने येतात हे खरे, पण रोजची उलाढाल त्याच संध्याकाळी दिसते. महिनोन्‌महिने निपचित पडलेला शेअर कोणत्याही अधिकृत घोषणेविना एकाएकी हलू लागला की समजावे, कुणीतरी कामाला लागले आहे.

सलग अप्पर सर्किट लागणाऱ्या, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका चढू दिला जातो ती मर्यादा रोज गाठणाऱ्या, शेअरचे लोकांना विशेष आकर्षण वाटते. रोज पाच टक्के वाढ होते, ‘घेणारे’ लाखो आणि विकणारा एकही नाही, हे दृश्य भुरळ घालणारेच असते. पण त्या रांगेतल्या खरेदीच्या मागण्या कुणी केवळ दिसण्यासाठी लावल्या असतील आणि ऐन वेळी मागे घेतल्या तर काय होते, ते मी त्या तीन महिन्यांत पाहिले. सकाळी सव्वानऊला खालचे सर्किट लागले, विक्रीच्या बाजूला दोन लाख शेअर आणि खरेदीच्या बाजूला शून्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तोटा सोसून बाहेर पडायची तयारी असलेल्यांनाही बाहेर पडता येत नव्हते.

भाव पाडूनही पैसे करता येतात, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. २५ ऑगस्ट २००० रोजी एम्युलेक्स या अमेरिकी कंपनीच्या नावाने एक बनावट प्रसिद्धिपत्रक निघाले: मुख्याधिकाऱ्याचा राजीनामा, नफ्याचे आकडे खाली आणणार, आयोगाची चौकशी सुरू. काही मिनिटांत शेअर सुमारे १०४ डॉलरवरून ४३ डॉलरपर्यंत कोसळला. पत्रक लिहिणारा २३ वर्षांचा तरुण ते पत्रक प्रसृत करणाऱ्या संस्थेतच पूर्वी कामाला होता आणि शेअर पडेल या पैजेवर, म्हणजे शॉर्ट सेलिंगमध्ये, त्याचे पैसे अडकले होते. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी ती बातमी न पडताळता पुढे पाठवली होती. म्हणून बातमी कितीही ठिकाणी दिसली, तरी ती कंपनीने शेअर बाजाराला स्वतः कळवली आहे का, एवढे पाहिल्याशिवाय घेणेही नको आणि घाबरून विकणेही नको.

आणखी एका प्रकारात तर विक्रेताच नसतो, कारण शेअरच नसतो. व्हॉट्सॲपच्या गटातून दुवा येतो, ॲप उतरवले जाते, नामांकित संस्थेसारखे दिसणारे चिन्ह असते आणि पैसे मात्र दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या वा कधी न ऐकलेल्या कंपनीच्या बँक खात्यावर भरायला सांगितले जातात. पडद्यावर वाढणारी रक्कम कुणीतरी टंकलेली असते. सुरुवातीला थोडी रक्कम काढूही दिली जाते, आणि फसलेल्यांना ‘तुम्हाला कळले कसे नाही’ असे विचारणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. गटात नफ्याचे फोटो टाकणारे शेकडो सभासद बहुधा दोन-चार माणसेच अनेक क्रमांकांवरून चालवत असतात. संस्थेचा नोंदणी क्रमांक नियामकाच्या संकेतस्थळावर आपण स्वतः शोधावा, त्यांनी पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या छायाचित्रावर विसंबू नये. नोंदणी खरी निघाली तरी तिथे दिलेल्या क्रमांकावर फोन करून हा गट तुमचाच का, असे विचारावे, कारण खऱ्या संस्थांची नावे सर्रास चोरली जातात.

मला गटात घेणाऱ्या काकांनी स्वतः अशाच एका ॲपमध्ये पैसे घातले होते, ते मला तिसऱ्या महिन्यात कळले. एका संध्याकाळी त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, “बघ, पाचाचे अठरा लाख झालेत.” मी म्हटले, “काका, मग आज दोन लाख काढून पाहा.” त्यांनी माझ्यासमोर विनंती नोंदवली. दहा मिनिटांत उत्तर आले की एकूण नफ्यावरचा २० टक्के कर आधी भरल्याशिवाय रक्कम मोकळी होणार नाही. खरा दलाल अशा वेळी कराच्या नावाने वेगळे पैसे पाठवायला सांगत नाही, हे त्यांना पटवायला मला रात्रीचे अकरा वाजले. लाजेने ते कुणाला सांगायला तयार नव्हते. तरीही त्यांनी रात्रीच बँकेला कळवले आणि सकाळी आम्ही पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी चार हप्त्यांत पैसे पाठवले होते. पहिले तीन पुढच्या खात्यांत निघून गेले होते, आदल्या दिवशीचा चौथा बँकेला गोठवता आला.

आठवड्याने त्यांना एक फोन आला. बुडालेली सगळी रक्कम परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क आधी भरा, असे समोरचा माणूस अतिशय आदराने सांगत होता, आणि काकांचे किती पैसे गेले ते त्याला नेमके ठाऊक होते. काकांनी त्याला बोलू दिले, क्रमांक आणि वेळ माझ्या वहीतल्या पहिल्या रकान्यात लिहिली आणि ते पान तक्रारीला जोडायला सांगितले.