तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक ऑईल घरी कशाला बदलतो?

गाडी स्टँडवर चढवलेली दिसली की सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "ब्रेकच्या कामाला घरी हात लावायची भीती नाही वाटत?" वाटते ना, पण जुन्या ऑईलची जास्त वाटते. हे ऑईल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येऊ शकतो. आता मुंबईला जाताना कसारा घाट उतरतोय, पुढे ट्रक, सारखा ब्रेकवर पाय, डिस्क तापलेल्या, आणि कॅलिपरमध्ये (चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वाफ झाली की पेडल थेट खाली, कारण ऑईल दबत नाही पण वाफ दबते. गॅरेजात बऱ्याचदा वरची टाकी उपसून नवं भरतात नि झालं म्हणतात, कॅलिपरमधलं जुनं तसंच राहतं. म्हणून दर २ वर्षांनी, पावसाळा सरला की, मीच करतो.

सामान फार नाही. निपलला, म्हणजे चाकापाशी जुनं ऑईल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला, रिंग पाना घ्या, फिक्स पान्याने कोपरे मारले जातात. निपलवर चढवायला पारदर्शक नळी, खाली बाटली, आणि सांगितलेलं ऐकणारा माणूस, हे शेवटचं मिळणं सगळ्यात अवघड! आमच्याकडे बायको बसते सीटवर. मी "दाब" म्हणतो, ती "दाबलंय हो", मी निपल ढिला करतो, पेडल पायाखालून खाली जातं तरी तिने पाय उचलायचा नाही, मी निपल आवळून "सोड" म्हणेपर्यंत. आधी सोडलं तर हवा उलटी आत. नळीतून आधी काळ्या चहासारखं येतं, मधे बारीक बुडबुडे, मग हळूहळू फिकट पिवळं, तिथे थांबायचं. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पार तळाला गेलं तर मास्टर सिलेंडरचे (पेडलच्या दाबाने ऑईल ढकलणारा पंप) सील खराब होऊ शकतात.

बहुतेक ठिकाणी मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात सांगतात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, पण काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघाच. टाकी मात्र कधीच रिकामी होऊ देऊ नका, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली की ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो, मग गॅरेजच. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. झाल्यावर इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा, कडक लागतंय का आणि निपल कुठे पाझरत नाही ना ते बघा, मग आधी कॉलनीतल्या कॉलनीत सावकाश फिरवा, गंगापूर रोडला नंतर.

आणि उघडलेला डबा पुढच्या वेळेला ठेवू नका, तोही पाणी पितो.