पाठ उघडी ठेवलेले स्पीकर: वूफर बसले, आता गाडी १५० हर्ट्झवर

दोन्ही बाजूंच्या एच-फ्रेम (खालच्या उघड्या चौकटी) तयार झाल्या, त्यात खर्ज वाजवणारे १५ इंची वूफर बसले आणि वरच्या फळ्याही जागेवर आल्या. ओपन बॅफलचा, म्हणजे खोक्याऐवजी उघड्या फळीवर बसवलेल्या स्पीकरचा, सांगाडा उभा आहे. पॉलिश नाही, जाळी नाही, वायरी लोंबताहेत. पण गाणं ऐकता येतंय आणि मोजताही येतंय, त्यामुळे लिहायला घेतलं.

मांडणी थोडक्यात अशी. वर ४५ सेंमी रुंद, १९ मिमी मरीन प्लायची सपाट फळी आणि तिच्यात ८ इंची फुलरेंज ड्रायव्हर (जवळजवळ सगळे स्वर एकटाच वाजवणारा). खाली ४० सेंमी खोल, पुढून-मागून सताड उघडी चौकट. तिच्या बरोबर मधोमध वूफर. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे स्वर दोघांत वाटणारी गाळणी, मिनीडीएसपी या डिजिटल डबीत. अॅम्प्लिफायर म्हणून वूफरला टीपीए३२५५ चा क्लास-डी बोर्ड, फुलरेंजला एलएम३८८६. खोका कुठेच नाही. सुतारकाका शेवटपर्यंत विचारत होते, "साहेब, मागची फळी कधी मारायची?" मारायचीच नाही म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती या छंदातल्या सगळ्यांच्या ओळखीची असेल.

खरं तर पाठ उघडी ठेवणं हा नवा आचरटपणा नव्हे. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या कोन-स्पीकरचा पाया घातला, तेव्हा बॅफल म्हणजे फळीच होती. आपल्याकडे घरोघरी असलेल्या व्हॉल्व्ह रेडिओलाही मागे भोकं पाडलेला पुठ्ठाच असायचा. हवाबंद छोटा खोका घरात शिरला तो १९५४ नंतर, एडगर व्हिल्चरच्या एआर-१ या स्पीकरमुळे. आतली हवाच स्प्रिंगचं काम करते ही त्याची कल्पना जबरदस्त होती, आणि कमी जागेत भरपूर खर्ज मिळाल्यावर कोण कशाला दाराएवढी फळी घरात ठेवेल? तरीही १९५७ साली क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला, तो पुढे-मागे सारखाच वाजणारा. तिथून पुढे ही वाट मुख्यतः छोट्या निर्मात्यांनी चालू ठेवली. कारण उघड आहे: हा स्पीकर भिंतीपासून निदान मीटरभर पुढे ओढावा लागतो, पुस्तकांच्या कपाटात बसत नाही, आणि दुकानात शेजारी-शेजारी ठेवून ऐकवला तर हमखास बारीक वाटतो. मोठ्या कंपनीला हा धंदा परवडत नाही.

आता मुद्द्याचं. ओपन बॅफलची जाहिरात "खोक्याचा आवाज नाही" अशी होते. मला ते अर्धसत्य वाटतं. नीट आधार दिलेला, जाड भिंतींचा चांगला खोकाही फारसा बोलत नाही. उघड्या फळीची खरी कमाई बाजूला आहे. कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा विरळ होते; पुढची आणि मागची लहर उलट्या कलेत (फेजमध्ये) असतात आणि कडेला, ९० अंशांवर, एकमेकींना खाऊन टाकतात. आवाजाचा आकार आठच्या आकड्यासारखा होतो. अशा स्पीकरला द्विध्रुव (डायपोल) म्हणतात. हिशेबाने सांगायचं तर समोर तेवढाच आवाज देताना असा स्पीकर खोलीत एकूण ४.८ डेसिबल कमी ऊर्जा ओततो. बाजूच्या भिंती, छत, फरशी यांच्यावरून परत येणारा गोंगाट तेवढा कमी.

आपल्या फ्लॅटमध्ये याला किंमत आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, गालिचा असलाच तर सतरंजीएवढा. माझी खोली ३.४ मीटर रुंद आहे, म्हणजे रुंदीच्या दिशेचा पहिला मोड (खोली स्वतःच घुमते तो सूर) ५० हर्ट्झच्या आसपास. आधीच्या बंद खोक्यांच्या आलेखात तिथे भलामोठा उंचवटा होता आणि डग्गा कायम फुगलेला ऐकू यायचा. आता स्पीकर खोलीच्या लांबीकडे तोंड करून उभे आहेत, त्यांची मुकी बाजू रुंदीकडे. उंचवटा जवळजवळ गेला. कुठलाही ईक्यू (स्वर कमी-जास्त करणारी दुरुस्ती) न लावता. मला विचाराल तर सगळ्या सुतारकामाचा मोबदला एवढ्यातच मिळाला.

मोजमापाबद्दल एक सूचना. खोलीत मोजताना पहिल्या परावर्तनाआधी मोजणीची 'खिडकी' (टाइम विंडो) बंद केली, तर हाती तीन-चार मिलिसेकंद राहतात. त्यामुळे अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा आलेख विश्वासाचा उरत नाही. कोणी ९० अंशांचा देखणा खड्डा २० हर्ट्झपर्यंत दाखवत असेल, तर त्याने तो मैदानात मोजलाय का, हे आधी विचारा. वूफरसाठी मी माइक जवळ धरून मोजतो आणि बाकीचं गणितावर सोडतो.

गणित निर्दय आहे. पुढची आणि मागची बाजू यांच्यातलं अंतर जितकं, तितकंच तुमचं भांडवल. ४० सेंमी खोल चौकटीत साधारण १५० हर्ट्झला द्विध्रुवाचा आवाज साध्या स्पीकरच्या बरोबरीला असतो. त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबल गळती. ७५ हर्ट्झला ६, ३७ हर्ट्झला १२. ही गळती डीएसपीत भरून काढता येते, पण किंमत कोन मोजतो. बंद खोक्यात एक सप्तक खाली जायचं तर कोनाची हालचाल चौपट लागते, इथे आठपट. म्हणून १५ इंची. म्हणूनच कमी क्यूटीएसचा (क्यूटीएस म्हणजे अनुनादाशी कोन किती आवरला जातो त्याचा आकडा; कमी म्हणजे जास्त आवरलेला) जाहीर कार्यक्रमांसाठीचा पीए वूफर फळीत घातला की पातळ वाजतो, ०.६-०.७ च्या पुढचा क्यूटीएस शोधा. मी ४० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे स्वर रोखणारी गाळणी) लावून टाकला आहे आणि त्याखाली काय घडतं याची चौकशी करत नाही.

"मग खर्ज कुठून येणार?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर द्यायच्या आधी मी माझं संगीत तपासलं. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर मधला सा १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याचा खर्ज तर १०४ ला येतो. त्यात जवारीची गंमत अशी की तार ६९ वर छेडली तरी ताकद वरच्या स्वरांशांत वाटली जाते. वर्णपट काढून पाहिला की मूळ स्वर बराच दबलेला दिसतो आणि वरचे स्वरांश रांगेने उभे असतात. कान त्यांच्यावरूनच खर्ज ओळखतो. म्हणजे कुमारजी (कुमार गंधर्व) किंवा मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) ऐकायला ३० हर्ट्झ लागत नाहीत. लागतं ते १०० ते १००० मधलं स्वच्छ दालन, आणि ते ओपन बॅफल देतो. मींड घेताना डग्ग्याचा आवाज सरकतो ती वाट आता मला ऐकू येते. पूर्वी नुसता 'घुम्म' यायचा.

उलट बाजूही लिहितो. ढोल-ताशा पथकाच्या रेकॉर्डिंगपुढे या जोडीने हात टेकले. तिथे छातीवर दाब हवा, आणि दाब निर्माण करणं द्विध्रुवाच्या स्वभावातच नाही. हल्लीची सिंथ-बास असलेली चित्रपटगीतंही खालून पोकळ वाटतात. ज्यांचं ऐकणं मुख्यतः तेच आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, किंवा खाली बंद सबवूफर जोडावा.

याच पेचावर छोट्या निर्मात्यांनी काढलेले मार्ग बघण्यासारखे आहेत. फिनलंडच्या ग्रेडियंटने क्वाडच्या ईएसएल-६३ या इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी एसडब्ल्यू-६३ हा द्विध्रुवी सबवूफर बनवला: वर द्विध्रुव असेल तर खालीही तोच हवा, नाहीतर जोड ऐकू येतो, असा हट्ट. इस्राएलच्या प्युअरऑडिओप्रोजेक्टच्या ट्रायो१५ मध्ये वर-खाली दोन १५ इंची वूफर आणि मधली फळी बदलता येते. आज फुलरेंज, उद्या हॉर्न. हौशी माणसाची दुखरी नस त्यांनी बरोबर पकडली आहे. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कोचीचं रेथम. त्याचे कर्ते जेकब जॉर्ज हे पेशाने वास्तुरचनाकार. सुरुवात लोथर कंपनीचे ड्रायव्हर घेऊन हॉर्नसारख्या वळणावळणाच्या पोकळीपासून केली. पुढे मार्ग, साधना अशा नावांच्या मॉडेलमध्ये त्यांनी फुलरेंज ड्रायव्हर वर ठेवला आणि खालच्या खर्जासाठी आत स्वतंत्र अॅम्प्लिफायरवर चालणारी आयसोबॅरिक जोडी (एकामागे एक, एकत्र हलणारे दोन वूफर) घातली. ग्रेडियंटच्या अगदी उलट उत्तर. तत्त्वनिष्ठेचे गुण ग्रेडियंटला. पण भारतीय दिवाणखान्याचा विचार करता मला रेथमचा व्यवहार पटतो. त्यांची वळणदार लाकडी पेटी सुताराकडून करून घेणं मात्र माझ्या कुवतीबाहेरचं.

माझा स्वतःचा आदर्श झिगफ्रीड लिंकविट्झ. एचपी (ह्युलेट-पॅकार्ड) कंपनीतला हा इंजिनिअर. रस रायलीसोबतचं त्याचं क्रॉसओव्हरचं काम १९७६ चं, आणि आज प्रत्येक डीएसपीच्या मेनूत ते बसलेलं आहे. २०१८ मध्ये तो गेला, पण त्याच्या ओरायन आणि एलएक्स५२१ या स्पीकरांच्या आराखड्यांवरून अजून जगभर लोक लाकूड कापताहेत. एलएक्स५२१ मध्ये वरची फळी वूफरच्या पेटीवर टेकत नाही. वेगळ्या पुलावर उभी असते. यामागचं कारण मला हाताला कळलं. खोका नसल्यामुळे वूफरचा धक्का थेट चौकटीत उतरतो. गाणं चालू असताना चौकटीवर तळवा ठेवला की थरथर स्पष्ट लागते, आणि फळी त्यावरच टेकवली तर फुलरेंजचा कोनही तिच्याबरोबर हलतो. म्हणून वरची फळी मी अँगल आयर्नच्या वेगळ्या स्टँडवर घेतली आहे. दोघांत बोटभर फट. 'आ'कारातल्या ताना यामुळे सुट्या झाल्या.

आता राहिलं १५० हर्ट्झचं दुखणं. तिथे दर सप्तकाला २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर लावलाय. पण चौकटीच्या पोकळीचा स्वतःचा एक सूर आहे, २७० च्या आसपास. गाळणी असूनही त्याचं शेपूट वर डोकावतं आणि तबल्याच्या दायाला किंचित डब्याचा रंग देतं. नॉच (तेवढाच सूर दाबणारी गाळणी) लावून आलेख सरळ झाला, रंग मात्र पूर्ण गेला नाही. पुढचे प्रयोग दोन: चौकटीच्या आत जाड लोकरी नमदा, आणि क्रॉसओव्हर १२० वर आणणं. दुसऱ्यात धोका असा की ४५ सेंमीच्या फळीवर फुलरेंजला तिथे आधीच सहा-सात डेसिबलची उणीव आहे, आणि ८ इंची पातळ कोनाकडून ती भरून घेणं म्हणजे त्याचा मधला आवाज गढूळ करणं. आधी नमदा.

मागच्या भिंतीपासूनचं अंतर सध्या एक मीटर आहे. मागची लहर भिंतीवरून परत यायला जवळपास सहा मिलिसेकंद घेते आणि गायकाच्या मागे खोली असल्याचा भास होतो. अर्ध्या मीटरवर तो भास मोडून नुसता गिचमिडाट उरतो. पण पाहुणे आले की दोन्ही फळ्या भिंतीला लावाव्या लागतात, असा घरचा ठराव आहे. एच-फ्रेमखाली लॉकची चाकं लावून पाहणार आहे. चाकांवर वूफर डुलतो की नाही, हे नमद्याच्या मोजमापासोबतच कळेल.